माधवनगरची खोली

जोतीराम लष्करातून सुटून आला तो सेहेचाळीस सालच्या जूनमध्ये. चार वर्षं तो मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करणाऱ्या तुकडीत होता. त्यातली दोन ब्रह्मदेशात गेली. हातात एवढं कसब असल्यावर कुणीतरी लगेच ठेवून घेईल असं त्याला वाटलं होतं. पण त्याच्यासारखे सुटून आलेले गावोगाव होते. विटा, कराड, सातारा इथल्या सगळ्या मोटार सर्व्हिसवाल्यांची दारं त्यानं झिजवली. पेट्रोलच मिळत नाही तर मिस्त्री ठेवून काय करू, असं उत्तर सगळीकडं. सहा महिने तो विट्याजवळच्या वस्तीवर थोरल्या भावाच्या, नाथाजीच्या हाताखाली शेतात राबला. नाथाजी काही बोलला नाही. पण दहा एकर जिरायतीला इतक्या माणसांची गरज नव्हती, आणि ते दोघांनाही दिसत होतं.

डिसेंबरात तो सांगलीला एका लोखंडी सामानाच्या दुकानात काम विचारायला गेला. तिथं एक फेटेवाले शेतकरी दुकानदाराशी वाद घालत होते.

"तुमच्या माणसानं तीन येळा खोललं आणि तीन येळा जोडलं. लावणी तोंडावर आल्या, आणि इंजिन बसलंय गप."

हे बाहुबली पाटील. कृष्णाकाठच्या एका गावातले जैन शेतकरी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी आणि गावातल्या आणखी चौघांनी मिळून नदीवर ऑइल इंजिन आणि पंप बसवला होता. मोटेपेक्षा चौपट रान भिजेल या हिशेबानं पाचही जणांनी ऊस वाढवायचं ठरवलं होतं.

"मी बघू का?" जोतीराम म्हणाला.

अण्णांनी त्याच्या खाकी कोटाकडं पाहिलं. "येतंय व्हय तुला?"

"मिल्ट्रीत हेच केलं चार वर्सं."

त्याच दिवशी तो त्यांच्या बैलगाडीतून गावी गेला. दोन दिवस त्यानं इंजिन खोलून एकेक भाग घोंगड्यावर मांडला, रॉकेलनं धुतला. तिसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं. पाटात पाणी पडलं तेव्हा पाचही भागीदार काठावर उभे होते. अण्णा म्हणाले, "मिस्त्री, आता तुमी हितनं हालायचं न्हाई."

चाळीस रुपये पगार आणि वर जोंधळा असं ठरलं. राहायला इंजिनाची पत्र्याची शेडच होती. गावात खोली मिळणं अवघड होतं, कारण गल्ली सगळी जैनांची आणि जोतीरामाच्या घरी रविवारी मटण शिजायचं. तसं कुणी तोंडावर बोललं नाही. खोली बघतो म्हणायचे आणि विषय तिथंच राहायचा. जोतीरामालाही त्यात वावगं वाटलं नाही. तो शेडमध्ये चूल मांडून स्वतःची भाकरी थापायचा. दुपारी अण्णांच्या घरून, त्यांच्या बायकोनं, कस्तुरीकाकूंनी पाठवलेली ताकाची चरवी यायची. रानात बायका पाणी पाजायला उभ्या असायच्या आणि इंजिनाचा आवाज जरा बदलला की माना वळवून शेडकडं बघायच्या. जोतीरामाला हे सगळं आवडायला लागलं होतं. खूप दिवसांनी कुणीतरी त्याची वाट बघत होतं.

मार्चच्या सुरुवातीला सयाजी सायकलवरून त्याला शोधत आला. सयाजी त्याच्याच तुकडीतला हवालदार, कोरेगावकडचा. आता माधवनगरच्या एका कापड गिरणीत इंजिनघराचा मुकादम झाला होता.

"गड्या, किती देतोय तुझा पाटील?"

"चाळीस."

"सत्तर हायत तिकडं. वर महागाई भत्ता. आणि चाळीत खोली, नळ दारात." सयाजीनं शेडमधल्या चुलीकडं, वळकटीकडं नजर टाकली. "मालकाला मी तुझं नाव सांगून बसलोय. पंधरा दिसांत कामावर हजर पायजेस. न्हाईतर दुसरा माणूस येतोय."

"मी हितं येऊन तीनच म्हयनं झाल्यात."

"मग काय झालं?"

"उनाळा लागलाय, सयाजी. ह्यांचा ऊस नुस्ता गुडघ्याएवढा हाय. आत्ता सोडून गेलो तर काय म्हणतील?"

"म्हणतील चार दिस, आणि दुसरा मिस्त्री ठेवतील," सयाजी म्हणाला आणि सायकल वळवून निघून गेला.

दुसरा मिस्त्री मिळत नव्हता म्हणूनच तर आपण इथं आलो, हे जोतीरामाला माहीत होतं.

पुढच्या रविवारी तो घरी गेला. सांगलीहून विट्याला जाणारी मोटार अजून कोळशाच्या गॅसवर चालायची. चढावर उतारूंना खाली उतरावं लागे. वस्तीवर पोचायला दुपार झाली. त्याची बायको अंजना खळ्यावर एकटीच हरभरा बडवत होती. त्यानं सगळं सांगितलं: पगार, भत्ता, अण्णांचा ऊस. खोलीचं सगळ्यात शेवटी सांगितलं.

अंजनानं हातातलं बडवणं खाली ठेवलं. "खोली म्हंजे? आपल्याला ऱ्हायला?"

"व्हय."

"मग तुमी इच्यार कशाचा करताय?"

तो म्हणाला, "अण्णांनी मला काम दिलं तवा कुणी दारात उभं करत नव्हतं."

अंजनानं विखुरलेला हरभरा हातानं गोळा केला. मग म्हणाली, "मला आडवं यायचं न्हाई. पण माझं एक ऐका. आता मी मागं ऱ्हाणार न्हाई. तुमी जाशीला तितं मी येणार."

हे ती का म्हणते ते जोतीरामाला पुन्हा विचारावं लागलं नाही. तो लष्करात गेला तेव्हा तिला तिसरा महिना होता. मुलगी झाली. अकरा महिन्यांची असताना तिला ताप भरला. त्या दिवशी घरातले सगळे औंधाला यमाईच्या यात्रेला गेले होते आणि अंजना आजारी पोरीला घेऊन वस्तीवर एकटी होती. शेजारची वस्ती हाकेच्या पलीकडं. दुपारपर्यंत तिनं वाट बघितली, मग पोरीला खांद्यावर टाकून विट्याची वाट धरली. डॉक्टरनं पदर बाजूला करून बघितलं आणि मान हलवली. जोतीरामाला हे पत्रातून कळलं, सात आठवड्यांनी. मुलीचा चेहरा त्यानं पाहिलाच नाही. अंजनानं आजवर त्याला त्या दिवसाबद्दल बोल लावला नव्हता, आणि त्यामुळंच तो विषय निघाला की त्याला मान वर करता यायची नाही.

"मी दोन्ही ठिकाणं बघून येते," अंजना म्हणाली. "मग बोलू."

सासूबाईंना, अंबूबाईंना, हे पटलं नाही. "नोकरी बघाय बाईमाणसानं जायचं व्हय गं?"

"नोकरी न्हाई आत्याबाई, घर बघाय चालले," अंजना म्हणाली. अंबूबाई पुटपुटत आत गेल्या. सकाळी मात्र त्यांनीच दोघांची भाकरी फडक्यात बांधून दिली.

माधवनगरला आधी गेले. गिरण्यांच्या चिमण्या, मागं आगगाडीचं स्टेशन, रस्त्याला दोन्ही बाजूंनी चाळी. सयाजीच्या बायकोनं, शालूबाईनं, खोली उघडून दाखवली. दहा बाय बाराची एकच खोली. एका भिंतीला मोरी, वर धुरानं काळवंडलेली कौलं. नळ दारात नव्हता, बारा बिऱ्हाडांत एक होता. सयाजीनं थोडं वाढवून सांगितलं होतं. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा अंजना दचकली.

"व्हईल सवय," शालूबाई हसून म्हणाली. "मी पयल्या म्हयन्यात रडत हुते. आता भोंगा न्हाई झाला तर भाकरी कवा करायची तेच कळत न्हाई." मग तिनं सांगितलं की बायका घरी बसून सुताच्या कांड्या भरतात, त्याचे वेगळे पैसे मिळतात, आणि स्टेशनजवळ डॉक्टर बसतो. बोलता बोलता शेजारच्या दोन बायका येऊन दारात उभ्या राहिल्या. एकीनं अंजनाला माहेर कुठलं म्हणून विचारलं, ते निघालं तिच्या मामाच्या गावाशेजारचं. जोतीराम बाहेर सयाजीजवळ उभा राहून बिडी ओढत होता. आत हसण्याचा आवाज झाला, त्यात अंजनाचा आवाज होता. तो बराच वेळ तिकडं बघत राहिला.

तिथून ते बैलगाडीनं नदीवर आले. अंजनानं इंजिन पाहिलं, शेड पाहिली, नवऱ्यानं लावलेली चूल पाहिली. जोतीरामानं तिला इंजिन चालू करून दाखवलं. पाटाच्या कडेनं चालत ती थेट शेवटच्या उसापर्यंत गेली. तिथं ज्ञानू दारं मोडत, पाणी एका सरीतून दुसरीत वळवत होता. ज्ञानू पाच भागीदारांतला सगळ्यात लहान जमिनीचा. चाळिशी उलटलेला, मोठ्यानं बोलणारा माणूस. त्यानं तिला सांगितलं, "वैनी, तुमचा मालक हाय म्हणून हे हिरवं दिसतंय. न्हाईतर ह्या टोकाला पाणी कुटलं यायला!"

कस्तुरीकाकू तिला भेटायला मळ्यात आल्या. त्यांना कुणकुण लागली असावी. म्हणाल्या, "मळ्यातल्या गोठ्याला लागून एक खोली हाय. पडवी काढून देतो. गावात काय..." आणि त्या थांबल्या.

"कळतंय मला काकू," अंजना म्हणाली. "आमचं खाणं येगळं. तुमी मनाला लावून घेऊ नका."

"मळ्यात तुमचं तुमी काय बी शिजवा, आमी बघाय यीत न्हाई," काकू म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

अंजनानं ती खोली बघितली. खोली माधवनगरपेक्षा मोठी होती, हवा छान. पुढं ऊस, मागं नदी. गाव तिथून पाऊण मैल. संध्याकाळी मळ्यात कोण असतं, म्हणून तिनं विचारलं. काकू म्हणाल्या, गडी घरी जातात, फक्त कुत्री असतात.

विट्याच्या मोटारीची वाट बघत दोघं सांगलीच्या अड्ड्यावर बसली. जोतीराम म्हणाला, "बोल की."

"तुमी बोला आदी. तुमास्नी काय पायजे?"

त्यानं खरं सांगितलं. "मला नदीवर बरं वाटतं. गिरणीत एका इंजिनाला धा मिस्त्री. हितं माझ्यावाचून अडतंय."

"दिसलं मला ते," अंजना म्हणाली. "मी बी खरं सांगते. खोली चांगली हाय, माणसं चांगली हायत. पण ऊस वाढला म्हंजे तितनं हाक मारली तर कुणाला ऐकू जाईल? तुमी पंपावर, आवाजात. माधवनगरात भिंतीला भिंत हाय. मी नुस्ती वराडले तर चार बाया येतील." तिनं फडक्याची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली. "पुन्यांदा लेकरू झालं तर मला असल्या जागंत नको."

मोटार आली. माधवनगरचं ठरलं.

अंजनाला मोटारीत बसवून जोतीराम नदीवर परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना गाठायला उसात गेला. अण्णा बांधावर बसून पायातला काटा काढत होते.

"अण्णा, मला माधवनगरला बोलावणं हाय. मी जाणार म्हणतोय."

अण्णांनी मान वर केली नाही. "किती देत्यात?"

"सत्तर."

"आमी पन्नास करतो. चौघांस्नी मी सांगतो."

"पैशाचं न्हाई अण्णा."

"मग कशाचं? आमचं काय चुकलं?" आता त्यांचा आवाज चढला. "भर उनाळ्यात निघालास व्हय? तुझ्या भरवशावर बारा एकर लावलाय आमी. चार म्हयनं तरी दम धरायचास."

जोतीरामानं मग मुलीचं सांगितलं. घराबाहेरच्या माणसाला तो पहिल्यांदाच हे सांगत होता. काय क्रमानं सांगावं ते त्याला कळेना. आधी पत्राचं सांगितलं, मग यात्रेचं, मग अंजना विट्याला चालत गेली ते. अण्णा ऐकत राहिले. काट्याचं टोक निघालं होतं, ते त्यांनी बोटावर घेऊन बघितलं आणि टाकून दिलं.

"नाव काय हुतं पोरीचं?"

"हरणा."

अण्णा उठले. धोतर झटकलं. "जा तू. पण ज्ञानूला शिकवून जा. गावात बाकी कुणी इंजिनाजवळ जात न्हाई."

गिरणीच्या मुदतीतले दहा दिवस उरले होते. सयाजीकडं निरोप धाडून जोतीरामानं ज्ञानूला शिकवायला घेतलं. रानात कुणाचंही न ऐकणारा ज्ञानू शेडमध्ये शिरला की मांजरासारखा व्हायचा. पट्टा फिरायला लागला की भिंतीला चिकटायचा. पहिले दोन दिवस त्यानं हँडलला हातच लावला नाही. "मारलं बिरलं तर?" म्हणायचा.

"बैल मारत न्हाई व्हय?"

"बैलाचं डोळं बघून कळतंय. ह्येचं डोळं कुटं हायत?"

मग जोतीरामानं त्याला डोळे मिटायला लावले आणि आवाज ओळखायला शिकवलं. हा तेल कमी पडल्याचा, हा पट्टा सैल झाल्याचा, हा नळीत हवा शिरल्याचा. हे ज्ञानूला पटकन जमलं. आठव्या दिवशी जोतीराम सकाळी मुद्दाम शेडमध्ये न जाता नदीच्या खालच्या अंगाला जाऊन बसला. बराच वेळ काही झालं नाही. एकदा इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं. ज्ञानूच्या शिव्या ऐकू आल्या. तिसऱ्यांदा ते लागलं आणि लागलेलंच राहिलं. जोतीरामानं वर येऊन पाटात हात घालून पाणी बघितलं. शेडच्या दारात ज्ञानू घामानं भिजलेला, सदरा काळा झालेला, कुणीतरी येईल म्हणून वाट बघत उभा होता.

निघायच्या दिवशी अण्णांनी गुळाची ढेप दिली. काकूंनी अंजनासाठी चोळीचा खण दिला.

माधवनगरात जोतीरामाला गिरणीचं काम जड गेलं नाही, पण त्यात त्याचं मन रमायला वेळ लागला. इंजिन मोठं होतं, आणि त्याच्याकडं त्याचा एकच कोपरा. अंजना मात्र पंधरा दिवसांत रुळली. शालूबाईबरोबर कांड्या भरायला लागली. नळावर तिची भांडणं व्हायला लागली आणि मिटायला लागली. मे महिन्यात तिला दिवस राहिले. तिनं ते आधी शालूबाईला सांगितलं, आणि जोतीरामाला दुसऱ्या दिवशी. त्याला त्याचा राग आला नाही.

ऑगस्टात स्वातंत्र्याच्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. गिरणीवर झेंडा लागला, पेढे वाटले. जोतीराम सांगलीला गेला, तिथं गर्दीत त्याला ज्ञानू भेटला. ज्ञानूनं त्याला बघून न बघितल्यासारखं केलं. जोतीरामानंच त्याचा दंड धरला.

"इंजिन काय म्हणतंय?"

"हाय की बरं."

"आणि ऊस?"

ज्ञानू एकदम बोलून गेला. "कुटला ऊस? माझा समदा वाळला."

मग कळलं. एप्रिलमध्ये नदी खाली गेली. पाइपाचं तोंड उघडं पडलं, पंप कोरडाच फिरत राहिला. ज्ञानू इंजिनाचा आवाज ऐकत होता. इंजिन ठीकच बोलत होतं. पंपाचं आतलं बेरिंग जळून गेलं. तो भाग सांगलीत मिळेना, पुण्याहून यायला एकोणीस दिवस लागले. वरच्या रानांना जुन्या मोटेचं पाणी देऊन जगवलं. टोकाला पाणी पोचलं नाही. टोकाला ज्ञानूचं दीड एकर होतं आणि अण्णांचं दोन.

जोतीराम रस्त्यातच उभा राहिला. पाणी उतरलं की पाइप पुढं सारायचा असतो, हे त्यानं ज्ञानूला सांगितलंच नव्हतं. दहा दिवसांत त्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. उन्हाळ्यातली कृष्णा त्यानं स्वतः पाहिली नव्हती.

"आरं, मला का न्हाई बोलावलंस? दोन तासांची वाट."

"निघालो हुतो. अण्णांनी आडवलं," ज्ञानू म्हणाला.

जोतीराम घरी न जाता तसाच नदीवर गेला. अण्णा शेडजवळच होते. पावसाळा असल्यानं इंजिन बंद होतं, नदी दुथडी भरून चालली होती.

"अण्णा, तुमी मला बोलवायला नको हुतं व्हय?"

"तू येऊन काय केलं असतंस? भाग का तुझ्या खिशात हुता?"

"आलो तर असतो."

"आला असतास. तेच म्हटलं मी. लागून म्हयना न्हाई झाला, आणि खाडा करून हितं बसला असतास एकोणीस दिस. गिरणीवाला ठेवला असता व्हय तुला?" अण्णा नदीकडं बघत म्हणाले, "मग ती खोली बी गेली असती."

"तुमाला राग न्हाई आला?"

"आला की. लय आला. ऊस उपटताना तर तुझं नाव घेऊन उपटत हुतो." ते हसले नाहीत. "आता भुईमूग हाय तितं. बरा आलाय."

जोतीरामानं पंप उघडून बघितला. बसवणाऱ्यानं एक बोल्ट तिरपा आवळला होता. तो त्यानं सरळ केला. ज्ञानू मागनं येऊन पोचला होता. जोतीरामानं त्याला पाइपाजवळ नेलं, नदीत किती खाली पाणी गेलं की काय करायचं ते सांगितलं, आणि ज्ञानूकडून ते दोनदा वदवून घेतलं. उन्हाळा लागला की दर सुट्टीला येऊन बघून जाईन, असं तो अण्णांना म्हणाला. अण्णांनी नको म्हटलं नाही.

"बायको कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय. चौथा लागलाय."

"जेवून जा मग. घरात निरोप धाडलाय मी."

"न्हाई अण्णा, उद्या सकाळची पाळी हाय," जोतीराम म्हणाला. पण अण्णा तोवर चालायला लागले होते. तोही हात धुऊन त्यांच्या मागं गावाकडं निघाला.